घोडदौडीचा ताल : बालाक्लावा ते काला अंब

1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात प्राचीन इजिप्त अवतरला. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या जगभ्रमंतीचा तो पहिला कार्यक्रम. रंगमंच 1984 च्या ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमच्या थाटात सजलेला, गाणीही बहुतेक ऐंशीच्या दशकातली. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग 757 चालवत सहकारी आणि वाद्यसामग्री घेऊन आला होता. समोरच्या गर्दीतली कितीतरी मुले ही गाणी निघाली तेव्हा जन्मलीही नव्हती.

जुन्या वळणाच्या हेवी मेटलची ही ओढ निव्वळ स्मरणरंजन म्हणून निकालात काढली जाते. मला ते पटत नाही. हे संगीत टिकले, कारण ते गोष्ट सांगते. आणि विशेषतः युद्धाची गोष्ट.

या संगीताचा जन्म बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या छायेत झाला. पत्र्याच्या कारखान्यात गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. त्यांवर टोप्या चढवून तो गिटार वाजवत राहिला, पुढे तारा सैल केल्या, आणि त्याच्या ब्लॅक सबाथ या बँडचा जड, खर्जातला नाद घडला. जूडास प्रीस्ट या बँडने दोन गिटारींची जुगलबंदी रुजवली. आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसने बेस गिटारवर घोडदौड आणली : एक दीर्घ, दोन लघु. आपल्या छंदशास्त्रातला हा भगणच.

आपल्याकडे या संगीताला आसरा दिला तो मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनाने. 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव तिथे भरू लागला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तो खुला रंगमंच अशा मैफलींना मुकला, पण वारसा थांबला नाही. 1998 मध्ये बंगळुरूत स्थापन झालेला क्रिप्टोस हा बँड आजही तोच जुना बाज निष्ठेने वाजवतो. 2013 मध्ये तो जर्मनीतल्या वाकेन या गावच्या जगप्रसिद्ध महोत्सवात वाजवून आला. विशाखापट्टणमचा अगेन्स्ट ईव्हिल याच वाटेने चालला आहे.

या परंपरेतले ‘द ट्रूपर’ हे आयर्न मेडनचे 1983 चे गाणे 25 ऑक्टोबर 1854 च्या बालाक्लावाच्या लढाईवर आहे. चुकलेल्या हुकुमापायी ब्रिटिश घोडदळ रशियन तोफांच्या तोंडी गेले. गाण्यात ना सेनापतीचा गौरव, ना जयघोष. बोलतो तो मरणाऱ्या घोडेस्वाराचा जीव. म्हणूनच त्या पराभवाशी नाते नसलेला मुंबईचा मुलगाही त्यात सामील होतो.

इथे मला काला अंब आठवतो. पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरचे हे स्मारक. इथले आंब्याचे झाड रक्ताने काळे पडले, अशी लोककथा आहे. 14 जानेवारी 1761 च्या पानिपतच्या लढाईआधी दोन महिन्यांहून अधिक काळ मराठी फौज तिथल्या छावणीत अडकली होती. रसद तुटली, माणसे-जनावरे उपाशी मरू लागली, आणि शेवटी लढून मरण्याचा निर्णय झाला. विश्वासराव, भाऊसाहेब, इब्राहिमखान गारदी ही नावे आपल्याला पाठ आहेत. उपाशीपोटी घोड्यावर बसलेल्या बारगिराचे नाव मात्र कुणाच्या ओठी नाही.

त्याची गोष्ट सांगायला आपल्याकडे पोवाडा आहेच. त्यात शाहीर डफावर कथा सांगतो, झीलकरी सूर उचलून धरतात, मध्येच गद्यात प्रसंग उभा राहतो. मेटलच्या मैफलीतही गायक कथा सांगतो आणि हजारो झीलकरी ती उचलतात. दोन्हींना उंच पट्टीचा गळा लागतो आणि दोन्हींना वीररस मानवतो. तेव्हा पानिपतच्या बारगिराचे गाणे मराठीत, डफ आणि दोन गिटारींच्या साथीने बांधता येईल, याबद्दल मला शंका नाही.

दर 14 जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे काला अंबला जातात. स्मारकाची शांतता राखावी. गाणे मात्र त्याच संध्याकाळी पानिपत शहरात, रीतसर परवानगी घेऊन व्हावे. गोविंदाग्रजांनी आपल्या काळाच्या चालीत ‘पानिपतचा फटका’ लिहिला. आजच्या तरुण शाहिरांनी आपल्या काळाच्या वाद्यांवर तो बारगीर उभा करावा. तेवढे ऋण अजून आपल्या पिढीकडून फिटायचे आहे.