क्यूचा खडू आणि टेबलावरील बनात



बिलियर्ड्सचें टेबल म्हटलें कीं जिमखान्याच्या दालनांतील बारा फुटी, जाडजूड पायांचें धूड डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु त्याच कुळांतील पूल नांवाच्या धाकट्या खेळाचें टेबल सात, आठ किंवा नऊ फुटांचें असतें, आणि तें घरांतील एखाद्या ऐसपैस खोलींत सहज मावतें. मुंबईस नोकरी-धंदा करणारा गृहस्थ रत्नागिरीस घर बांधतो, माडीवर एक खोली मोकळी सोडतो, आणि गणपतीस व मे महिन्यांत जमणाऱ्या भावंडांसाठीं तेथें असें टेबल आणून मांडतो. खेळ परका म्हणून बिचकण्याचें कारण नाहीं. स्नूकर तर १८७५ सालीं आपल्या शेजारच्या जबलपुरास, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्यें जन्मला. पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स हे १९५८ सालीं कलकत्त्यास आणि १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेते ठरले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनीं तोच मान पुढें तीन वेळां मिळविला.

टेबल घरीं आल्यावर वर्षभरांत एक तक्रार सुरू होते. बनात मळली, चेंडू डागाळले, मुलांच्या सदऱ्यांच्या बाह्यांवर पट्टे उमटले. घरांतील वडील माणसें त्याचा दोष पोरांच्या पायांस देतात. कोणी उघड्या खिडक्यांस देतें. जांभ्या दगडाच्या आपल्या मुलुखांत तांबड्या धुळीवर आळ घेणें सोपेंच आहे. परंतु ते डाग जवळून न्याहाळले तर त्यांचा रंग तांबडा नसून निळा किंवा हिरवा आहे असें दिसेल. ही घाण खिडकींतून आलेली नसते. खेळणारांनींच ती दर फटक्यामागें चिमूट चिमूट टेबलावर पसरलेली असते. क्यूच्या, म्हणजे खेळण्याच्या काठीच्या, टोकास जो खडू चोळतात, त्याचें हें पीठ होय. तेव्हां टेबल स्वच्छ ठेवूं इच्छिणारानें ब्रशाच्या आधीं खडूचा विचार करावा, हें आजच्या भाषणाचें प्रयोजन.

मुळांत हा खडू लावावयाचाच कशाला, असें कोणी विचारील. कोंकणांत कॅरम न खेळलेला मनुष्य विरळा. कॅरमच्या फळीवर आपण बोरिक पावडर टाकतों ती सोंगट्या घसरत जाव्यात म्हणून. पुलाच्या टेबलावर नेमका उलटा प्रकार आहे. येथील खडू घसरण्यासाठीं नसून पकडीसाठीं असतो. काठीच्या टोकास चामड्याची एक लहानशी चकती चिकटविलेली असते. पांढऱ्या चेंडूच्या बरोबर मध्यावर फटका मारला तर खडूवांचूनही निभावतें. परंतु चेंडू मागें फिरवावयाचा असेल, बाजूस वळवावयाचा असेल, तर फटका मध्यापासून दूर मारावा लागतो. चकती आणि चेंडू यांची गांठ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढीच पडते. तेवढ्या वेळांत गुळगुळीत चामडें गुळगुळीत चेंडूवरून निसटलें तर फटका फुकट जातो, आणि कधीं कधीं काठीचें टोंक बनातीस घासून जातें. खडूचे खरखरीत कण चामड्याच्या रंध्रांत बसतात व त्या क्षणीं चेंडूस घट्ट धरतात. बनातीवरील डागांपेक्षां फाटलेली बनात कितीतरी महाग पडते. म्हणून स्वच्छतेच्या नांवाखालीं खडूच वर्ज्य करणें हा उपाय नव्हे.

चामड्याच्या चकतीचें श्रेय फ्रान्समधील कॅप्टन मँगो या गृहस्थास देतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट. (आपल्या हापूसच्या गांवांत हें नांव उच्चारतांना हसूं आवरत नाहीं, त्यास माझा इलाज नाहीं.) पुढें थोड्याच वर्षांत इंग्लंडांत जॅक कार नांवाचा एक खेळाडू निघाला. चेंडूस चमत्कारिक गिरकी देणारें म्हणून तो एक चूर्ण डब्या भरभरून विकत असे. डबींत प्रत्यक्षांत साधा खडू होता, असें सांगतात. साध्या खडूचा, म्हणजे चुनखडीच्या जातीच्या मऊ दगडाचा, हा अंमल त्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला. १८९७ सालीं शिकागो येथील विल्यम स्पिंक्स हा नामांकित खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनज्ञ या दोघांनीं नव्या खडूचें पेटंट घेतलें. या हॉस्किन्सच्याच प्रयोगशाळेंत पुढें विजेच्या शेगडीची निकेल-क्रोमची तार तयार झाली. त्यांच्या खडूंत चुनखडीचें नांव नव्हतें. सिलिका व कुरुंदाच्या जातीचे कठीण कण होते. आपण आज ज्यास क्यूचा खडू म्हणतों तो, अशा रीतीनें, खडू नव्हेच. कणकवली तालुक्यांत कासार्डे येथें जी सिलिकायुक्त वाळू खणून काढतात, तिच्याच जातीचा हा पदार्थ. तो दळून, रंगवून, चिकट द्रव्यानें बांधून त्याचा चौकोनी ठोकळा केलेला असतो.

हा मुद्दा मीं मुद्दाम लांबविला, कारण त्यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक म्हणजे घरांतला खडू संपला तर शाळेंतला आणूं नये. फळ्यावर लिहावयाचा खडू सामान्यतः जिप्समचा असतो. तो चामड्यास धरत नाहीं, पकड देत नाहीं, आणि पहिल्याच फटक्यास पांढरें पीठ होऊन बनातीवर उतरतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बनातीवर सांडलेला खडू हा नुसता रंग नसून बारीक घासकागद आहे. तो लोकरीच्या धाग्यांत शिरतो, धाग्यांमधून खालच्या दगडी पाटीपर्यंत झिरपतो, आणि वरून चेंडू फिरतां फिरतां त्या धाग्यांस कातरतो. टेबलाच्या ज्या भागांतून खेळ सुरू होतो तेथेंच बनात प्रथम विरते, याचें एक कारण हें आहे. शिवाय चेंडूस चिकटलेला खडूचा ठिपका दोन चेंडूंच्या मधोमध सांपडला कीं त्यांची टक्कर बिघडते. चेंडू किंचित् उडतो आणि वाट सोडतो. स्नूकरचे नाणावलेले खेळाडू या प्रकारानें फार वैतागतात. अलीकडे ताओम नांवाचा फिनलंडचा खडू त्यांच्यांत लोकप्रिय झाला, तो चेंडूवर डाग थोडे ठेवतो या लौकिकामुळें.

आतां निवडीकडे वळूं. दुकानदार प्रथम रंग विचारतो. बनात हिरवी तर खडू हिरवा, बनात निळी तर निळा, हा रिवाज चांगला आहे, तो पाळावा. मात्र त्यानें डाग दिसेनासे होतात, नाहींसे होत नाहींत. रंग जुळला म्हणून झाडलोट टाळणारा गृहस्थ घाण लपवीत असतो आणि बनात मात्र आंतून कुरतडली जात असते. लाल किंवा करड्या बनातीवर भडक निळा खडू वापरणें हा तर शुद्ध अविचार होय.

माझ्या मतें रंगाहून धरण्याचा गुण मोठा आहे. खडू चामड्यावर पातळ, सारखा थर देऊन बसला पाहिजे आणि चार-सहा फटके टिकला पाहिजे. मास्टर, ट्रँगल यांसारखे नेहमींचे अमेरिकन खडू डझनाच्या पेटींत मिळतात. ते कोरडे असतात, लागतात चटकन, पण उडतातही बरेच, आणि दर फटक्यास पुन्हां लावावे लागतात. महाग खडूंचा एकच ठोकळा अशा सबंध पेटीएवढ्या, किंवा तिच्याहूनही अधिक किंमतीस पडतो. त्यांपैकीं कांहीं खरोखर कमी उडतात. कांहीं मात्र इतके चिकट असतात कीं धूळ पडत नाहीं, परंतु चेंडूवर जो ओशट ठिपका बसतो तो पुसतां पुसत नाहीं. म्हणून किंमत पाहून भुलूं नये. दुकानांतून दोन-तीन जातींचे एकेक ठोकळे आणावेत आणि घरीं पारख करावी. काठीच्या टोकास खडू नेहमींप्रमाणें लावावा, टोंक पांढऱ्या कागदावर धरावें, आणि काठीच्या मध्यावर बोटानें तीन टिचक्या माराव्यात. कागदावर किती पीठ पडतें तें पाहावें. मग चेंडू स्वच्छ पुसून, मध्यें खडू न लावतां, मध्यापासून किंचित् बाजूस असे पांच फटके मारावेत आणि चेंडूवर किती ठिपके उठले ते मोजावेत. ज्या खडूचें पीठ कागदावर थोडें, ठिपके थोडे, आणि पांचव्या फटक्यासही ज्याची पकड शाबूत, तो आपल्या घरास योग्य. मग तो पेटींतला निघो वा एकटा विकला जाणारा. वर्षाकांठीं चार-दोन ठोकळ्यांवर जो खर्च वाढतो, तो बनात बदलण्याच्या खर्चापुढें कांहींच नाहीं. ही बनात चांगल्या प्रतीची म्हणजे पिंजून-विंचरून काढलेल्या लोकरीची असते. बेल्जममधील वेर्विए गांवचें सिमोनिस घराणें १६८० पासून लोकरी कापडाच्या धंद्यांत आहे आणि त्याच्या बनातीचें नांव आजही प्रथम घेतलें जातें.

घरांत लहान मुलें असतील तर आणखी एक गोष्ट पाहणें अगत्याचें आहे. अमेरिकेंतील ‘पेडिॲट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकांत १९९६ सालीं एक लेख प्रसिद्ध झाला. त्यांत क्यूच्या कांहीं खडूंमध्यें, विशेषतः कांहीं हिरव्या व मातकट रंगांच्या खडूंत, शिसें मोठ्या प्रमाणांत आढळल्याची नोंद आहे. सगळे खडू तसे नव्हते, आणि त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलें आहे. तरीही, ज्याच्यावर बनविणाराचें नांव नाहीं असा उघडा, स्वस्त खडू ज्या घरांत दोन वर्षांचें मूल रांगतें-खेळतें त्या घरांत आणूं नये. सांपडेल तें तोंडांत घालणें हा त्या वयाचा धर्मच आहे. नांव असलेला खडूही मुलाच्या हातीं लागणार नाहीं असा वर ठेवावा, आणि खेळ झाल्यावर हात धुवावेत.

चांगला खडू आणूनही हात वाईट असेल तर फळ मिळत नाहीं. पुष्कळ जण ठोकळा काठीवर उपडा घालून पेन्सिलीस टोंक काढावें तसा गरगर फिरवितात. त्यानें ठोकळ्यांत विहीर पडते, तिचे कांठ काठीच्या कडेस घासतात, आणि पीठ भसाभस खालीं येतें. ठोकळा तिरका धरून, कुंचला फिरवावा तसा चामड्यावरून हलक्या हातानें ओढावा. तें करतांना टेबलाकडे पाठ करावी आणि दोन पावलें दूर जावें. वर पंखा चालू असेल तर चार. ठोकळा टेबलाच्या लांकडी कडेवर ठेवावयाचा झाला तर रंगाची बाजू वर ठेवावी, आणि बनातीवर तो कधींच ठेवूं नये. काठी पुढें-मागें सरकावी म्हणून हातास अंगाची पावडर चोळण्याची खोडही कित्येकांस असते. ही कॅरमची संवय. त्या पावडरीचे पांढरे पंजे टेबलभर उमटतात. हात धुऊन कोरडे केले तर तिची गरज पडत नाहीं.

सफाईविषयीं फार सांगावयास नको. चेंडू कोमट पाण्यांत पिळलेल्या मऊ फडक्यानें पुसून लगेच कोरडे करावेत. जुन्या लुगड्याचा तुकडा याकामीं उत्तम. बनातीस मात्र पाणी लावूं नये. ओल्या फडक्यानें पुसलें म्हणजे पीठ निघत नाहीं. तें भिजून त्याचा रंग धाग्यांत मुरतो आणि जो डाग कालपर्यंत ब्रशानें गेला असता तो कायमचा होतो. स्नूकरच्या बनातीस लव असते, ती ज्या दिशेस बसलेली असेल त्याच दिशेनें ब्रश ओढावा. पुलाच्या बनातीस लव नसते; तिच्यावर ब्रश सावकाश एकाच दिशेनें फिरवून, मग हलक्या ओढीच्या यंत्रानें धूळ शोषून घ्यावी. ब्रश नुसता आपटला तर पीठ वर उडतें आणि घटकाभरानें पुन्हां तेथेंच बसतें.

राहतां राहिला आपला पाऊस. रत्नागिरीस वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांत. ज्या हवेंत मिठास पाणी सुटतें आणि पापड एका रात्रींत मऊ पडतो, त्या हवेंत खडू कसा कोरडा राहणार? दमट झालेला ठोकळा चामड्यावर पिठासारखा न बसतां लेपासारखा बसतो. त्याची पकड जाते, आणि मग खेळणारा अधिकाधिक खडू लावूं लागतो. म्हणून आगोटीच्या तयारींत, पापड-सांडग्यांचे डबे बंद करतांना, खडूचे ठोकळेही घट्ट झांकणाच्या डब्यांत घालावेत आणि औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या आंत टाकाव्यात. खेळावयाच्या वेळीं एकच ठोकळा बाहेर काढावा. टेबलावर मेणकापड पसरूं नये. त्याखालीं ओल कोंडते. जाड सुती चादर बरी. आणि घर बंद करून मुंबईस परतणारांनीं जातांना टेबलाच्या कडेवरचे ठोकळे आठवणीनें उचलावेत. तीन महिने उपड्या पडून राहिलेल्या ठोकळ्याखालीं लांकडावर जो निळा चौकोन उमटतो, तो पॉलिश खरवडल्यावांचून निघत नाहीं.