गर्भाशयमुखाचा कर्करोग : ऑपरेशन नाही, म्हणजे उपचार नाही?

नाशिकच्या द्वारका चौकात पुण्याचा रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो. मालेगाव-चांदवडकडून आणि सिन्नरकडून उपचारासाठी येणारी कितीतरी कुटुंबं याच चौकातून कुणी नाशिकच्या दवाखान्याकडे, तर कुणी पुढे मुंबईला जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान झालं की त्यातल्या बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : पिशवी काढता येईल ना? डॉक्टर ‘ऑपरेशन नको, शेक (किरणोपचार) देऊ’ म्हणाले की घरात सुतकी शांतता पसरते. गाठ कापून काढली म्हणजे आजार मुळापासून गेला आणि शेक म्हणजे हात टेकल्यावर करायची मलमपट्टी, हा समज त्यामागे आहे. तो चुकीचा असल्याचा पुरावा महाराष्ट्रातच, मुंबईच्या टाटा मेमोरिअल हॉस्पिटलमध्ये तयार झाला आहे.

सप्टेंबर 2003 ते फेब्रुवारी 2015 या काळात तिथे 635 स्त्रियांना चाचणीत घेतलं गेलं. त्यांची गाठ एकतर गर्भाशयमुखापुरतीच पण मोठी होती, किंवा लगतच्या भागात थोडी पसरलेली होती. म्हणजे ऑपरेशन करायचं की नाही, यावर तज्ज्ञांतही मतभेद असावेत असा हा टप्पा. निम्म्या जणींना आधी केमोथेरपी देऊन मग मोठं ऑपरेशन केलं. उरलेल्या निम्म्या जणींना शेक आणि त्याच्या जोडीने दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध दिलं. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या स्त्रिया ऑपरेशनच्या गटात 69.3 टक्के होत्या, तर शेकाच्या गटात 76.7 टक्के. ज्या उपचाराला घरचे लोक शेवटचा पर्याय समजतात, तो इथे सरस ठरला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच, 75 टक्क्यांच्या आसपास होतं. मग ऑपरेशन का नको? एक तर आजार उलटला की पुन्हा उपचार, पुन्हा खर्च, पुन्हा तीच भीती वाट्याला येते. दुसरं म्हणजे ऑपरेशननंतर तपासणीत धोका दिसला तर शेक द्यावाच लागतो आणि त्या बाईला दोन्हींचा त्रास सोसावा लागतो. मात्र शेकाची किंमतही लपवू नये. दोन वर्षांनंतर किंवा त्याहून उशिरा योनीमार्गाचा त्रास शेकाच्या गटात 25.6 टक्के, तर ऑपरेशनच्या गटात 12 टक्के स्त्रियांना होता. योनीमार्ग कोरडा आणि अरुंद होतो, तरुण बाईची पाळी कायमची थांबते. याबद्दल उपचाराआधी मोकळेपणाने बोललं जात नाही, हे मला गंभीर वाटतं. गाठ लहान आणि अगदी सुरुवातीची असेल तर ऑपरेशन हाच उत्तम मार्ग आहे, आणि तेही पोट उघडून. दुर्बिणीचं ऑपरेशन आधुनिक म्हणून अधिक चांगलं, ही समजूत 2018 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने खोटी ठरवली : दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनांनंतर आजार जास्त वेळा उलटला.

गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचली किंवा मूत्रवाहिनी दबून मूत्रपिंड सुजलं, तर ऑपरेशनचा प्रश्नच उरत नाही. अशा 850 स्त्रियांवरची टाटाचीच दुसरी चाचणी आहे. नुसता शेक घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी 46 टक्के हयात होत्या, शेकासोबत सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी 54 टक्के. ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून घरी परत नेलेल्या बाईच्या बाबतीत नेमकी हीच संधी हातची जाते.

‘हे तर गरीब बायांवरचे प्रयोग’ असंही म्हटलं जातं. संशोधनाच्या नावाखाली अन्याय झाल्याची उदाहरणं जगात आहेत, म्हणून ही शंका मी झटकून टाकणार नाही. पण या दोन्ही चाचण्यांत कुणालाही उपचाराविना ठेवलं नव्हतं. दोन्ही गटांना प्रचलित उपचारच मिळाले, आणि त्यांतला बरा कोणता ते खरोखरच ठरलेलं नव्हतं. आज आपल्याकडे चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी, रुग्णाची लेखी संमती आणि सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद लागते. ही नोंद 2009 पासून सक्तीची आहे.

शेक म्हणजे नेमकं काय, तेही माहीत असावं. सुमारे पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, यंत्राने बाहेरून किरण दिले जातात. किरणांनी पेशीतल्या डीएनएची मोडतोड होते आणि सिस्प्लॅटिन ती दुरुस्त होऊ देत नाही. नंतर योनीमार्गातून गर्भाशयात बारीक नळी बसवतात आणि तिच्यातून इरिडियमचा किरणोत्सारी कण काही मिनिटांसाठी गाठीपाशी नेतात. हा आतला शेक म्हणजे ब्रेकीथेरपी. बाहेरचा शेक झाल्यावर रक्तस्राव थांबतो, बरं वाटू लागतं आणि आतला शेक टाळला जातो. तो टाळला तर गाठीला पुरेशी मात्रा मिळत नाही.

म्हणून डॉक्टर ऑपरेशन नको म्हणाले तर खचून जाऊ नका, त्यांना तीन गोष्टी विचारा : शेकासोबत सिस्प्लॅटिन देता येईल का, ब्रेकीथेरपी कुठे होईल, आणि सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा होईल का?