सुतारकामाचे पुस्तक आपल्या लाकडावर कसे वाचावे

मराठवाड्यात सुतारकाम पुस्तकातून शिकण्याची रीत नव्हती. वाकस, पटाशी, रंधा आणि करवत ही हत्यारे बापाच्या हातून मुलाच्या हाती जात आणि त्यांच्याबरोबर विद्याही जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात सुतार बलुतेदार म्हणून येतो; म्हणजे व्यवसाय जन्माबरोबरच ठरलेला. ज्याच्या घरी वाकस नव्हता, त्याच्या मुलाला ही विद्या सहसा मिळत नसे. आपल्या समाजातील किती कुशल हात त्यामुळे या कामापासून दूर राहिले, याची गणती कोणी ठेवलेली नाही. म्हणूनच सुतारकामाचा छापील संदर्भग्रंथ आम्ही किरकोळ मानीत नाही. मात्र तो आपल्या हवेत, आपल्या लाकडावर वाचावा लागतो.

आरंभासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकाम अभ्यासक्रमाची पुस्तके चांगली. चेन्नईची 'निमी' ही संस्था ती तयार करते; सिद्धान्त आणि प्रात्यक्षिक असे त्यांचे भाग असतात. प्रात्यक्षिकाचा भाग आधी घ्यावा, असे आमचे मत आहे. पटाशीला साधारण २५ अंशांचा उतार देऊन धारेची अखेरची कड ३० अंशांवर घासली, की पुढचे निम्मे पुस्तक आपोआप सोपे होते. इंग्रजी ग्रंथांतील छायाचित्रे देखणी असतात. पण त्यांत ओक, मेपल, वॉलनट अशी लाकडे भेटतात. आपल्या वखारीत ती कोठून येणार?

आपल्याकडे किनवट-माहूरच्या रानातला साग, बांधावरची बाभूळ, आंबा आणि कडुनिंब. सागाच्या आतल्या पक्क्या लाकडाला वाळवी सहजी लागत नाही. सालीजवळचा फिकट भाग मात्र तितका टिकाऊ नसतो आणि स्वस्त फळीत नेमका तोच अधिक असतो. बाभूळ कठीण, म्हणून बैलगाडीची चाके आणि औते तिची. तिचे ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवण्याच्या जुन्या रीतीला आधार आहे: लाकडातील पिष्ट पाण्यात निघून गेले की भुंगेऱ्याचे खाद्य कमी होते.

लाकूड सुकविण्याविषयी पाश्चात्त्य पुस्तकांत एक इंच जाडीस एक वर्ष असा ठोकताळा आढळतो. तो थंड हवेचा. नांदेड-लातूरच्या चैत्र-वैशाखात लाकूड फार वेगाने सुकते, आणि टोके आधी सुकल्याने तीच आधी चिरतात. म्हणून फळ्या सावलीत, मधे पट्ट्या घालून रचाव्यात आणि टोकांना रंग किंवा मेण लावावे. सुकताना लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही. रुंदीत आटते, आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने त्यांच्या आडव्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आटते. श्रावणात अडकणारे दार वैशाखात फट दाखविते, ते याचमुळे. दाराच्या चौकटीतील फळी खिळ्यांनी जखडू नये. खाचेत मोकळी बसवावी.

मापांचाही घोळ आहे. पुस्तक मिलिमीटरमध्ये बोलते, दुकानदार सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरहून किंचित कमी. 'दोन सुती' म्हणून आणलेला प्लाय सहा मिलिमीटरचा असतो आणि दोन सुतांची खाच त्याला सैल होते. आधी वस्तू मोजावी, मग खाच पाडावी.

सांध्यांचे प्रकरण मात्र सावकाश वाचावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे गाडली गेली. त्याच पडझडीत अनेक माळवदी घरांचे लाकडी खांब आणि तुळया मात्र उभ्या राहिल्याचे पाहणाऱ्यांनी नोंदविले आहे. पुढे जुन्या घरांच्या मजबुतीकरणात खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरकस टेकू बसविण्याचा उपाय सुचविला गेला. कारण साधे आहे. चार काटक्यांचा चौकोन बोटाने ढकलला तरी कलतो. त्याच्या कोनात आडवी काटकी बांधली की त्रिकोण होतो आणि त्रिकोण कलत नाही. मुलाच्या अभ्यासाच्या मेजाचे पाय डुगडुगत असतील तर आणखी खिळे ठोकण्याऐवजी हाच टेकू द्यावा.

पहिल्या कामासाठी नवे सागवान आणू नये. पाडलेल्या माळवदाच्या किलच्या आणि दांड्या जुन्या बाजारात मिळतात; त्या वर्षानुवर्षे सुकलेल्या असतात. रंधा लावण्यापूर्वी त्यांवरून लोहचुंबक मात्र जरूर फिरवावे. आत मोडून राहिलेला एक जुना खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवितो.