विस्मरणाचा आजार आणि घरची सेवा



बेणे कोणते निवडावे, पाचट का जाळू नये, खोडव्याला खताचा हप्ता कधी द्यावा, हे आपण या पानांवर नेहमी वाचता. आज विषय घरातला आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली आणि पुढे उजनीचे पाणी आल्यावर माळरानात ऊस उभा केला, ती पिढी आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहे. त्यांतली काही माणसे आता सारखी विसरू लागली आहेत, वाट चुकू लागली आहेत, घरच्यांवर आळ घेऊ लागली आहेत. आपण "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देतो. कोणी म्हणतो म्हातारा चळला, कोणी म्हणतो बाहेरचं काहीतरी झालंय. या दोन्ही समजुतींमुळे रुग्णाचे हाल होतात आणि सांभाळणाऱ्याचेही. हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात.

साधे विसरणे आणि आजार

पाण्याची पाळी कधी आहे हे विसरले आणि थोड्या वेळाने आठवले, तर ते वयाचे विसरणे होय. पण चाळीस वर्षे मोटार चालू करणारा माणूस स्टार्टरपुढे उभा राहून गोंधळू लागला, उसाच्या बिलाचा तोंडी हिशेब करणाऱ्याला नोटा ओळखेनात, जेवून उठल्यावर घटकाभरात "मला कोणी जेवायला दिलं न्हाई" असे तो शेजारी सांगू लागला, तर डॉक्टरकडे नेले पाहिजे.

लोकांना एका गोष्टीचे कोडे पडते. म्हाताऱ्याला बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी आठवते, मुकादमाचे नाव आठवते; मग सकाळची भाकरी कशी आठवत नाही? सोंग तर करत नाही ना? सोंग नाही. अल्झायमरच्या आजारात नवीन गोष्ट साठवून ठेवणारा मेंदूचा भाग सहसा आधी बिघडतो. जुने साठलेले बरेच दिवस टिकते, नवीन आत जातच नाही.

आत काय बिघडते

डिमेन्शियाचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत जास्त आढळणारा अल्झायमर. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली त्याचे पहिले वर्णन केले. उसाला हुमणी लागते तेव्हा वरून पीक हिरवे दिसते आणि आत मुळ्या खाल्ल्या जात असतात. पाने पिवळी पडतात तोवर उशीर झालेला असतो. तसाच हा आजार लक्षणे दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी मेंदूत सुरू झालेला असतो. दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांचा. ठिबकची नळी तुंबली की त्या सरीतला ऊस वाळतो, त्याप्रमाणे रक्तपुरवठा कमी पडून मेंदूचे भाग निकामी होतात. बी.पी. आणि साखर ताब्यात नसलेल्यांना हा धोका अधिक.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीवरच्या शंभर माणसांत सातांहून थोडे अधिक (७.४ टक्के) या आजाराचे असल्याचे आढळले. देशभरात मिळून सुमारे ८८ लाख. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. या सरासरीने साठीपुढची तीनशे माणसे असलेल्या गावात वीस-बावीस रुग्ण निघतील. यांतल्या किती घरांना आजाराचे नाव ठाऊक आहे, याचा ज्याने त्याने आपल्या गावापुरता विचार करावा.

आधी तपासणी

प्रत्येक विसरभोळेपणा डिमेन्शिया नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, मनाची उदासी, ऐकू न येणे, यांमुळेही माणूस विसरतो आणि त्यांवर उपचार आहेत. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार बसला आणि काही आठवड्यांनी गोंधळ सुरू झाला, तर मेंदूवर रक्त साकळलेले असू शकते. कालपर्यंत चांगला असलेला माणूस आज अचानक बरळू लागला, तर लघवीचा संसर्ग, ताप, शरीरातील मीठ कमी होणे अशी कारणे असतात. तेव्हा वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सोलापूरला डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मेडिसिन आणि मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. मनोविकार विभागात जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे भावकीला समजावून सांगावे लागते, ते सांगावे. अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. काही गोळ्यांनी लक्षणे काही काळ थोपवता येतात. म्हणून खरा भार राहतो तो घरच्या सेवेवर.

गोव्याचा अनुभव

ही सेवा शिकवता येते का? गोव्यात याची रीतसर परीक्षा झाली आहे. तिथल्या 'संगाथ' संस्थेने दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबे घेऊन प्रयोग केला. त्याचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरोघर जाणारे कार्यकर्ते मोठे डॉक्टर नव्हते. बारावी झालेली, गावची भाषा बोलणारी, म्हाताऱ्या माणसांची आस्था असलेली माणसे निवडली आणि त्यांना आठवडाभर शिकवले. पाठीशी समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ होते. हे कार्यकर्ते सहा महिने, साधारण पंधरवड्याला एकदा तरी घरी जात. आजार समजावून सांगत, त्रासदायक वागणे कसे हाताळावे ते दाखवत, सांभाळणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेत. जी कुटुंबे थांबून होती त्यांच्याशी तुलना केली, तेव्हा भेटी मिळालेल्या घरांत सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य सुधारलेले आणि त्रास कमी झालेला दिसला. रुग्णाच्या आजारात तितका ठळक फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण सांभाळणारी बाई टिकली तर म्हातारा टिकतो, हे आपण जाणतोच.

घरात काय करावे

वाद घालू नये. दिवेलागणीला आजोबा म्हणतात, "म्हशी सोडायच्या राहिल्या." म्हशी विकून दहा वर्षे झाली हे सांगून भांडण वाढते. त्यापेक्षा "वैरण टाकलीया, आबा. तुमची कुठली म्हैस लई दूध द्यायची?" असे विचारावे. बोलणे वळते, मन शांत होते.

एका वेळी एकच गोष्ट सांगावी. "आंघोळ करा, कपडे घाला आन् जेवायला या" हे एकदम सांगू नये. समोर येऊन, नाव घेऊन, सावकाश बोलावे. उठणे, जेवण, झोप यांच्या वेळा रोज त्याच ठेवाव्यात. संध्याकाळी गोंधळ वाढतो, म्हणून अंधार पडण्याआधी दिवे लावावेत. जमेल ते काम द्यावे. शेंगा फोडणे, ज्वारी निवडणे, वाती वळणे. काम चुकले तरी चालेल.

घरातले धोके दूर करावेत. तणनाशक आणि कीटकनाशक कुलपातच हवे; पाण्याच्या बाटलीत औषध काढून ठेवण्याची सवय तर जिवावर बेतेल. विहीर, शेततळे, मोटारीची पेटी, गॅस आणि गाडीची किल्ली यांकडेही लक्ष असावे. खिशात नाव, गाव व घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम ठेवावी. आषाढी वारीला किंवा सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर नेताना ती विसरू नये.

माणूस एकाएकी चिडू, मारू लागला तर आधी दुखणे शोधावे. लघवी तुंबली असेल, पोट साफ नसेल, दाढ ठणकत असेल. त्याला सांगता येत नाही. बांधून ठेवू नये. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या आणू नयेत. त्यांनी गोंधळ वाढतो आणि म्हातारा पडून खुबा मोडतो.

सांभाळणारीला कोण सांभाळणार?

बहुतेक घरांत हे सारे सुनेच्या गळ्यात पडते. रात्रीची जाग तिची, धुणे तिचे आणि पैसे चोरल्याचा आळही तिच्यावर. तो आळ आजार घेतो, सासरा नव्हे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे आणि घरच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवायला हवा. कारभाऱ्यांनी आठवड्यातून काही वेळ तरी स्वतः बसावे. लेकींनी पाळी वाटून घ्यावी. फोनवर सल्ला हवा असल्यास टेलिमानस १४४१६ ही सरकारी मनःस्वास्थ्य सेवा २०२२ पासून सुरू आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे.

कागदपत्रे वेळेवर

आजाराच्या सुरुवातीला माणसाला समज असते. त्याच काळात त्याच्या इच्छेने मृत्युपत्र, बँकेतील वारसाचे नाव आणि कारखान्याच्या भागांचे नामनिर्देशन पुरे करावे. समज गेल्यावर केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे टिकत नाही. साधे कुलमुखत्यारपत्रही मग चालत नाही. अशा वेळी अंगठा उठवून घेणाऱ्यांपासून सावध राहावे, मग ते घरचे असोत की बाहेरचे.

गावाने काय करावे

आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे : जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का? हा प्रश्न घाईत "नाही" लिहून सोडू नये, घरच्या बाईला विचारून उत्तर घ्यावे. उत्तर "होय" आले तर पुढे काय करायचे, हे आशाताई, उपकेंद्र आणि आरोग्य केंद्राचे डॉक्टर या सर्वांनी शिकून घेतले पाहिजे.

आजार लांबवण्यासाठीही हातात बरेच आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली चौदा कारणे दाखवली. ती सारी दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे. बी.पी., मधुमेह, धूम्रपान, दारू, डोक्याचा मार, ऐकू व दिसू न येणे, एकटेपणा ही त्यांतली आपल्या ओळखीची. मोतीबिंदू काढून घ्यावा, कानाचे यंत्र लावावे, हेल्मेट घालावे, म्हाताऱ्याला पारावर बसू द्यावे.

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. तो गळीत हंगामाच्या आधी येतो, तेव्हा ऊसतोडीची धांदल नसते. त्या सुमारास प्रत्येक गावाने एक दिवस काढावा. सिव्हिलचे डॉक्टर बोलवावेत, आशाताईंना बसवावे आणि ज्या घरात असा रुग्ण आहे तिथल्या सुनांना व मुलांना पुढच्या रांगेत जागा द्यावी. ठिबक आपण शिबिरातच शिकलो. हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे.