मेंदूचा काठ आणि विजेचा उपाय

‘अंगावरून वारे गेले’ असे आपण म्हणतो. परंतु अर्धांगवायूचे मूळ रक्ताच्या प्रवाहात आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाएवढे, पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्याची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बुजली, की मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात. मुंबईच्या एका विभागात 2005–06 साली पाहणी झाली. तीत पंचविशीपुढील दर लाख माणसांत वर्षाला 145 जणांना पहिला झटका आल्याचे आढळले. त्यांतले सुमारे 30 टक्के 28 दिवसांत दगावले.

मात्र सारा भाग एकदम मरत नाही. पाट फुटला तरी मळ्याच्या कडेची रोपे शेजारच्या ओलीवर काही वेळ तगतात. तसा मधला भाग गेला तरी त्याच्या काठच्या पेशी शेजारच्या वाहिन्यांतून मिळेल तेवढ्या रक्तावर जिवंत राहतात. वाचवायचा तो हा काठ.

त्याचा एक शत्रू विजेच्या रूपाने येतो. मेंदूवरून सावकाश सरकणारी विद्युत्-लाट लिआओ या ब्राझिली शास्त्रज्ञाने 1944 साली सशांत प्रथम दाखविली. लाट ओसरल्यावर पेशींना पूर्वस्थितीवर येण्यास फार शक्ती लागते. उपाशी काठाला ती परवडत नाही. प्रत्येक लाटेगणिक मृत भाग वाढतो.

मग विजेवर विजेचाच उतारा का नसावा? डोक्यावरून मंद प्रवाह सोडून ऋण ध्रुव पीडित भागावर ठेवला, तर पेशींची उत्तेजना उतरते. उंदरांवरील प्रयोगांत अशाने लाटा कमी झाल्या, हानीही घटली. लॉस एंजेलिस येथे रुग्णांवर झालेला लहानसा प्रयोग 2023 साली प्रसिद्ध झाला. रुग्ण अवघे 10. त्यांतल्या काहींना केवळ नावापुरते यंत्र लावले होते. प्रवाह सोसला, काठ वाचल्याची चिन्हेही दिसली. परंतु दहा जणांवरून उपचार ठरत नाही. मोठ्या चाचण्या हव्यात.

तोवर आम्हां टिटवाळेकरांच्या हाती काय? घड्याळ! तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे, यांतले एक जरी एकाएकी दिसले तरी वेळ टिपावी, 108 ला फोन करावा, तोंडाने काही देऊ नये. सीटी स्कॅनने रक्तस्राव नाही हे पाहूनच गुठळी विरघळविणारे औषध देता येते, तेही सामान्यतः साडेचार तासांच्या आत. कल्याण येथून तिसरे स्टेशन. ‘सकाळी पाहू’ म्हटले, तर तेही फार दूर पडते.