थंडीत डिझेल गाडी अडखळते तेव्हा

सोनईत मुळा कारखान्याचा गळीत हंगाम ऐन थंडीत चालतो आणि पहाटे डिझेल गाड्या कुरकुरतात. सेल्फ रेंगाळत फिरत असेल तर संशय बॅटरीवर: रात्रभर उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट हवेत, सेल्फ मारताना 9.6च्या खाली जाऊ नयेत. मात्र नवी घेण्याआधी टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवावी, नट आवळावेत. बऱ्याचदा काम तेवढ्यावर भागते.

सेल्फ जोरात फिरूनही इंजिन थरथरते, पांढरा धूर सोडते आणि मिनिटभरात सुरळीत होते, तेव्हा बहुधा एखादा हीटर प्लग गेलेला असतो. त्याची वायर काढून मल्टीमीटर लावावा: चांगला प्लग बहुतेक इंजिनांत 1 ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेल्यातून प्रवाहच जात नाही. प्लग कोमट इंजिनातूनच खोलावा, थंडात तो तुटतो. हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा स्प्रे कधीही मारू नये, स्फोटाचा धोका असतो.