‘आज रात्री मोबाइल बंद ठेवा’ हा मेसेज खरा की खोटा? सौर वादळाने नेमकं काय बिघडतं, जाणून घ्या

“आज रात्री साडेबारा ते साडेतीन अवकाशातून घातक किरण येणार आहेत. मोबाइल बंद करून लांब ठेवा, नाहीतर जिवाला धोका.” असा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर वर्षातून एक-दोनदा फिरतोच. घाबरून लोक तो पुढे पाठवतात. हा मेसेज खोटा आहे. मात्र सूर्यावर स्फोट होतात आणि त्यांचा पृथ्वीवर परिणाम होतो, हे खरं आहे.

सूर्यावर काय होतं?

सूर्यावर काळे डाग दिसतात. तिथे चुंबकीय शक्ती फार जोरदार असते. ती पिळून पिळून अचानक सुटली की स्फोट होतो. त्याचा प्रकाश आणि क्ष-किरण 8 मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. काही वेळा सूर्यावरच्या तापलेल्या, विजेने भारलेल्या वायूचा मोठा लोटही बाहेर फेकला जातो. त्याला इथे यायला साधारण 1 ते 3 दिवस लागतात. हा लोट पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला की ते हादरतं. यालाच सौर वादळ म्हणतात.

माणसाला, मोबाइलला धोका आहे का?

जमिनीवर राहणाऱ्या माणसाला, जनावराला किंवा पिकाला धोका नाही. क्ष-किरण वातावरणात वरच अडतात. शिवाय रात्री आपल्या आणि सूर्याच्या मध्ये अख्खी पृथ्वी असते. मोबाइल चालू असो की बंद, त्याने काही फरक पडत नाही.

मग नुकसान कशाचं होतं?

लांबच लांब तारांचं आणि उपग्रहांचं. चुंबकीय क्षेत्र हललं की शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांमध्ये नको असलेला प्रवाह शिरतो. 13 मार्च 1989 रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात असंच झालं. दीड मिनिटात सगळी वीजयंत्रणा कोलमडली आणि सुमारे 60 लाख लोक 9 तास अंधारात राहिले. ध्रुवांजवळच्या देशांना हा धोका जास्त, आपल्याला कमी. त्यामुळे गावातला डीपी जळाला तर दोष सूर्याला देऊ नका!

उपग्रहांचा फटका मात्र शेतापर्यंत पोहोचतो. मे 2024 मध्ये 20 वर्षांतलं सर्वात मोठं वादळ आलं. अमेरिकेत तेव्हा पेरणीचे दिवस होते. तिथले ट्रॅक्टर जीपीएसवर सरळ रेषेत चालतात. जीपीएस चुकायला लागलं आणि ऐन हंगामात अनेकांना पेरणी थांबवावी लागली. त्याच वादळात लडाखमधल्या हानले इथून आकाश लाल झालेलं दिसलं.

आपल्याकडे जमीन मोजणीचा रोव्हर, फवारणीचा ड्रोन आणि मोबाइलवर क्षेत्र मोजायचं ॲप, सगळं उपग्रहांच्याच भरवशावर चालतं. मोठं वादळ असताना जागा काही मीटर इकडेतिकडे दाखवली जाऊ शकते. बांधाच्या वादात काही मीटर म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको.

मुंबईतली जुनी नोंद

1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर लख्ख प्रकाश दिसला. पुढे साडेसतरा तासांत महावादळ आलं. परदेशात तारघरांत कामगारांना विजेचे झटके बसले. त्या वादळाची मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. शास्त्रज्ञ आजही ती अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्याने मोजमाप बिघडणार, म्हणून हे काम 1904 साली अलिबागला हलवलं. तिथे ते अजून सुरू आहे.

आता पाळत अवकाशातूनही आहे. इस्रोचं ‘आदित्य-एल1’ यान जानेवारी 2024 पासून पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर राहून सूर्यावर नजर ठेवतंय. त्यामुळे उपग्रह आणि वीजयंत्रणा सांभाळणाऱ्यांना आधी सावध होता येतं.

तुम्ही काय करायचं?

- मोबाइल बंद करायची गरज नाही. मेसेज पुढे पाठवू नका. ज्याने पाठवला त्याला खरं काय ते सांगा.
- मोठ्या सौर वादळाची बातमी असेल तर मोजणी किंवा ड्रोन फवारणी एक-दोन दिवस पुढे ढकलता येते का ते पाहा.
- मोजणी त्याच दिवशी झाली असेल आणि आकडा पटत नसेल, तर सही करण्याआधी पुन्हा मोजायला सांगा.

सूर्याचा जोर साधारण 11 वर्षांनी वाढतो आणि मग ओसरतो. 2024 मध्ये तो जोरात होता. वादळं पुढेही येत राहतील आणि त्यांच्यासोबत असे मेसेजही.